एकट्याचे घर, मोजका किराणा: कमी पैशांत चौरस आहार जमवण्याची रीत

शिक्षणासाठी, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी किंवा पहिल्या नोकरीसाठी पुण्यात आलेले तरुण-तरुणी सुरुवातीला बहुधा खानावळीवर अवलंबून असतात. महिनाअखेरीस हिशेब मांडला की खोलीवरच स्वयंपाक करण्याचा विचार पुढे येतो. ज्यांनी आजवर स्वतःचा किराणा स्वतः भरलेला नाही, ज्यांच्याकडे एक शेगडी, दोन-चार भांडी आणि ठरावीक रक्कम एवढेच आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. बाजाराची उदाहरणे पुण्यातील असली तरी नाशिक, नागपूर, कोल्हापूर किंवा छत्रपती संभाजीनगर येथे राहणाऱ्यांनाही हीच रीत लागू पडेल.

तुटपुंज्या पैशांत पोट भरता येते. भात, बटाटा, पाव, चहा आणि बिस्किटे यांवर ते भरतेही. मात्र अशा जेवणात प्रथिने, लोह, कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे कमी पडतात आणि काही महिन्यांनी थकवा, केस गळणे, वारंवार होणारी सर्दी अशा तक्रारी सुरू होतात. त्यामुळे या लेखातील सगळी मांडणी एका क्रमावर उभी आहे: हातातील पैशांतून सर्वांत आधी डाळी-कडधान्ये आणि पालेभाजी घ्यावी, त्यानंतर धान्य, त्यानंतर दूध किंवा अंडी, आणि जे उरेल त्यातून बाकीचे. धान्य स्वस्त असल्याने ते कसेही येतेच. कात्री लागते ती नेहमी डाळीला आणि भाजीला, म्हणून त्यांचा मान पहिला.

पहिली पायरी: पैसे सध्या कोठे जातात ते पाहणे

खरेदीची यादी करण्यापूर्वी एक आठवडा खाण्यापिण्यावरचा प्रत्येक खर्च वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. टपरीवरचा चहा, क्रीमरोल, वडापाव, रात्री मागवलेले जेवण, थंड पेयाची बाटली असे सगळे त्यात यावे. आठवड्याच्या शेवटी त्याचे दोन भाग करावेत: घरी शिजवण्यासाठी आणलेले साहित्य आणि बाहेर खाल्लेले तयार पदार्थ. बहुतेकांच्या बाबतीत दुसरा भाग अपेक्षेपेक्षा मोठा निघतो आणि चांगल्या आहारासाठी लागणारे पैसे तेथेच दडलेले असतात. बाहेरचे खाणे एकदम बंद करण्याचा निश्चय फार टिकत नाही. त्यापेक्षा संध्याकाळच्या भुकेची सोय आधी करावी, कारण घराबाहेरचा खर्च मुख्यतः त्या वेळी होतो. भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गूळ आणि एखादे केळे पिशवीत असले की वडापावची ओढ आपोआप कमी होते.

ज्यांना दोन्ही वेळा स्वयंपाक करणे वेळेअभावी शक्य नाही, त्यांनी एका वेळचा डबा लावून दुसऱ्या वेळचे जेवण स्वतः करावे. डब्यात पोळी-भाजी-भात मिळतो, पण डाळ बहुधा पातळ असते. म्हणून घरी करण्याच्या जेवणात उसळ, पिठले किंवा अंडी यांना प्राधान्य द्यावे.

दुसरी पायरी: महिन्याला किती लागते याचे माप ठरवणे

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. दिवसाला सुमारे २००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी त्यात सुचवलेले ताट साधारण असे आहे: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये (किंवा त्याऐवजी काही प्रमाणात अंडी, मासे, मांस) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, तेलबिया आणि कवचफळे ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. ही वजने कच्च्या, न शिजवलेल्या पदार्थांची आहेत.

याला तीसने गुणले की एका माणसाची महिन्याची यादी तयार होते. धान्य साडेसात किलो, डाळी-कडधान्ये अडीच किलो, भाज्या बारा किलो, फळे तीन किलो, शेंगदाणे-तीळ-जवस मिळून एक किलो, तेल एक लिटरच्या आत आणि दूध नऊ लिटर. अंगमेहनतीचे काम करणाऱ्यांना धान्य अधिक लागेल. बैठे काम करणाऱ्यांनी धान्य थोडे कमी करावे, परंतु डाळ आणि भाजी कमी करू नये. गरोदरपण, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार असे काही असेल तर प्रमाण डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवावे.

ही यादी घेऊन दुकानात गेल्यावर आपण आजवर कोणती वस्तू जास्त आणि कोणती कमी आणत होतो हे लगेच दिसते. एकट्या माणसाच्या घरात महिन्याला दोन-अडीच लिटर तेल संपत असेल, तर तेथे पैसाही जातो आणि प्रकृतीही. याउलट महिन्याला अर्धा किलो तूरडाळ पुरत असेल, तर ती पुरते याचा अर्थ ती खाल्लीच जात नाही.

तिसरी पायरी: प्रथिनांचा भाव काढायला शिकणे

या पायरीवर थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. निरोगी प्रौढ व्यक्तीला रोज शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे २०२० चे प्रमाण सांगते. ५५ किलो वजनाच्या माणसाला त्या हिशेबाने रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिने पुरतात. जेवण मुख्यतः धान्यावर चालत असेल तर थोडी अधिक घेतलेली बरी. ही गरज भागवण्यासाठी महागड्या पावडरींची आवश्यकता नाही, हे पुढील हिशेबावरून स्पष्ट होईल.

कोणत्याही पदार्थाची किंमत किलोवर पाहण्याऐवजी २५ ग्रॅम प्रथिने किती रुपयांना पडतात, ते पाहावे. भाव रोज बदलतात, म्हणून येथील दर केवळ रीत कळावी यासाठी धरले आहेत. आपल्या दुकानातील दर घालून हाच हिशेब पुन्हा करावा. समजा हरभरे ९० रुपये किलो आहेत. १०० ग्रॅम हरभऱ्यांत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे २५ ग्रॅम प्रथिनांसाठी १२५ ग्रॅम हरभरे लागतील आणि त्यांची किंमत सव्वाअकरा रुपये होईल. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले, तर १०० ग्रॅममध्ये सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असल्याने ती १४ रुपयांना पडतात. १२० रुपये किलोच्या सोया वड्यांमध्ये निम्मे वजन प्रथिनांचेच असते, त्यामुळे तेथे सहाच रुपये लागतात. सात रुपयांच्या अंड्यात सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिने असतात, म्हणजे चार अंड्यांचे २८ रुपये. ६० रुपये लिटरच्या दुधातून तेवढीच प्रथिने घ्यायची तर पाऊण लिटरहून थोडे जास्त दूध लागून ४५ रुपयांच्या वर खर्च येतो आणि ४०० रुपये किलोच्या पनीरमधून ती पन्नाशी ओलांडतात.

या हिशेबातून दूध किंवा अंडी सोडून द्यावीत असा अर्थ काढू नये. ब-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य पदार्थांतून मिळत नाही. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक यांतूनच मिळते आणि अंडी खाणाऱ्याला अंड्यांतून. म्हणून रोज निदान एक पेला दूध किंवा वाटीभर दही ठेवावे आणि प्रथिनांचा मुख्य भार कडधान्यांवर टाकावा. पनीर सणासुदीला आणावे. सोया वड्या आठवड्यातून दोनदा, एका वेळी मूठभर, एवढ्या पुरेशा आहेत. त्या गरम पाण्यात भिजवून, घट्ट पिळून, मग कांदा-टोमॅटोच्या रश्शात टाकल्या तर त्यांचा उग्र वास राहत नाही.

धान्य आणि डाळ एकाच दिवसात खाण्याची आपल्याकडची पद्धत पोषणाच्या दृष्टीनेही योग्य आहे. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते आणि ते डाळींत भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी असते आणि ते धान्यांत मिळते. वरण-भात, पिठले-भाकरी, मुगाची खिचडी, मटकीची उसळ आणि पोळी या जोड्या दोन्हींची उणीव भरून काढतात.

कडधान्ये निवडताना फक्त तूरडाळीवर अडकू नये. तिचा भाव सर्वांत जास्त चढउतार करतो. मसूर, अख्खे मूग, मटकी, चवळी, हुलगे, काळे वाटाणे, हरभरे यांपैकी त्या महिन्यात जे स्वस्त असेल ते जास्त घ्यावे. हुलगे म्हणजेच कुळीथ कोकणात पिठल्यासाठी, तर देशावर शेंगोळ्यांसाठी वापरले जातात. भाजून दळलेले कुळथाचे पीठ घरात असले की दहा मिनिटांत गरम पिठले तयार होते. मसूरडाळ भिजवावी लागत नाही आणि लवकर शिजते, त्यामुळे गॅस वाचवायचा असेल तेव्हा ती उपयोगी पडते.

चौथी पायरी: धान्य घेणे आणि दळून आणणे

शहरात आल्यावर तयार पिठाची पाकिटे सोयीची वाटतात, परंतु गहू-ज्वारी विकत घेऊन गिरणीतून दळून आणणे बहुधा स्वस्त पडते आणि पिठात कोंडाही राहतो. रब्बीची ज्वारी आणि नवा गहू साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात बाजारात येतात. वर्षाचे धान्य भरण्याची जुनी पद्धत याच हंगामाशी जोडलेली आहे. भाड्याच्या खोलीत वर्षाचे धान्य ठेवणे शक्य नसते, तरी तीन-चार मित्रमैत्रिणींनी मिळून मार्केट यार्डाच्या भुसार विभागातून किंवा ओळखीच्या भुसार दुकानातून एक पोते घेऊन वाटून घेतले तर किरकोळ दरापेक्षा चांगला भाव मिळतो. गावाहून धान्य आणता येत असेल तर प्रश्नच मिटला.

ज्वारीचे पीठ एका वेळी दीड-दोन किलोहून अधिक दळून आणू नये. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना तिला कडेने चिरा पडतात. मग नवशिक्याला वाटते की आपल्याला भाकरी येतच नाही. बाजरीचे पीठ तर त्याहून लवकर कडू पडते, म्हणून ते आठवड्याभराचेच आणावे. भाकरी जमेपर्यंत पिठात उकळते पाणी घालून उकड काढावी. त्या पिठाची भाकरी लाटताही येते.

नाचणीचा उल्लेख वेगळा करावा लागतो, कारण दूध परवडत नसेल त्या महिन्यात ती फार मोठा आधार देते. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे जवळपास ३०० मिलिलिटर दुधाइतके. नाचणीची भाकरी, ताकातील आंबील किंवा गूळ घालून केलेले सत्त्व यांपैकी काहीही आठवड्यातून तीन-चार वेळा घ्यावे. ओट्स, किनोआ यांसारखी धान्ये वाईट नाहीत, पण ज्वारी, बाजरी, नाचणी सहज मिळणाऱ्या प्रदेशात त्यांच्यासाठी जादा पैसे मोजण्याचे मला काहीही कारण दिसत नाही.

कुटुंबाकडे अंत्योदय किंवा प्राधान्य गटातील शिधापत्रिका असेल आणि तिच्यावर तुमचे नाव असेल, तर शिध्याचाही विचार करावा. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ नुसार प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे गावचे कार्ड असले तरी आधारची पडताळणी करून शहरातील रास्त भाव दुकानातून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते. त्यासाठी आधार जोडणी आणि ई-केवायसी पूर्ण असल्याची खात्री आधी करून घ्यावी आणि घरच्यांशी बोलून ठेवावे, म्हणजे एकच वाटा दोन्हीकडे मागितला जाणार नाही.

पाचवी पायरी: भाजी बाजारात जाण्याची वेळ, ऋतू आणि नजर

भाजीच्या बाबतीत पैसे वाचवण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे ऋतूप्रमाणे खाणे. हिवाळ्यात मेथी, पालक, गाजर, मटार, फ्लॉवर, टोमॅटो, आवळा, पेरू, बोरे यांची रेलचेल असते. या काळात ताटातील भाजी दुप्पट करावी आणि सॅलडही भरपूर खावे. उन्हाळ्यात दुधी, काकडी, कैरी, कलिंगड हाताशी असतात. पावसाळ्यात पालेभाज्या लवकर सडतात आणि महागतात, तेव्हा लाल भोपळा, दोडका, पडवळ, गवार यांच्यावर भर देऊन उरलेली जागा मोड आलेल्या कडधान्यांनी भरून काढावी. लाल भोपळ्याला अनेक जण नाक मुरडतात, पण तो स्वस्त असतो, बराच टिकतो आणि जीवनसत्त्व अ तयार होण्यासाठी लागणारे कॅरोटीन त्यात असते. मेथीदाण्यांची फोडणी आणि थोडा गूळ घालून केलेली त्याची भाजी नवशिक्यालाही बिघडवणे अवघड आहे.

पुण्यात भाजी घेण्याची ठिकाणे निरनिराळी आहेत आणि प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. १८८६ मध्ये सुरू झालेल्या महात्मा फुले मंडईत विविधता मिळते आणि तुलना करता येते. उपनगरांत शेतकऱ्यांचे आठवडे बाजार भरतात. तेथे माल ताजा असतो. मार्केट यार्ड घाऊक बाजार असल्याने एकट्याने जाऊन उपयोग नाही, परंतु एका इमारतीतील चार-पाच जणांनी रविवारी सकाळी मिळून जाऊन कांदे, बटाटे, लसूण आणि टिकाऊ भाज्या वाटून घेतल्या तर फरक पडतो. रोजची पालेभाजी मात्र कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींकडूनच घ्यावी. त्यांच्याशी ओळख झाली की आज कोणती जुडी ताजी आहे ते त्या स्वतः सांगतात आणि कोथिंबीर-कढीपत्त्याची काडी पिशवीत टाकतात.

संध्याकाळी बाजार उठण्याच्या सुमारास भाजी वाट्यावर मिळू लागते. वाटा घेताना वरचे टोमॅटो पाहून भुलू नये. खालचे हलवून पाहावेत. थोडे मऊ पडलेले टोमॅटो त्याच रात्री सारासाठी किंवा चटणीसाठी चालतात, पण बुरशी आलेले, पाणी सुटलेले किंवा वास येणारे काही घेऊ नये. पालेभाजीची जुडी उलटी करून देठांकडचा भाग पाहावा, कारण सड तेथून सुरू होते. मेथीची एक जुडी निवडल्यावर जेमतेम एका माणसाच्या दोन वेळांची भाजी होते, हे लक्षात ठेवून दोन दिवसांपुरतीच पालेभाजी आणावी. निवडलेली भाजी न धुता कोरड्या सुती कापडात गुंडाळून ठेवावी आणि चिरण्यापूर्वी धुवावी. फ्रिज नसेल तर लाल माठ, शेपू, चाकवत यांसारख्या भाज्या आणल्या त्याच दिवशी संपवाव्यात.

आपण जे टाकून देतो त्यातही भाजी असते. मुळ्याचा पाला मूगडाळ घालून परतावा, नवलकोलचा आणि बीटचा पाला बारीक चिरून थालीपिठात घालावा, दोडक्याच्या शिरा तीळ-शेंगदाण्यांबरोबर कुरकुरीत परतून चटणी करावी, कोथिंबिरीचे कोवळे देठ आमटीत जावेत. या सवयीने एकाच पैशांत भाजीचे वजन वाढते.

फळांसाठी सफरचंदाचा आग्रह धरू नये. पेरू, पपई, केळे, बोरे, जांभळे, हंगामातील संत्री यांतून सगळे मिळते, आणि जीवनसत्त्व क च्या बाबतीत पेरू संत्र्याच्याही बराच पुढे आहे. जेवणासोबत लिंबू, पेरूची फोड, किसलेला कच्चा कोबी किंवा आवळा असला की डाळी-पालेभाज्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहा नेमके उलटे करतो. म्हणून जेवणाआधी आणि नंतर तासभर तरी चहा घेऊ नये. विशेषतः मुलींनी, ज्यांच्यात रक्ताल्पता जास्त आढळते, हा नियम अवश्य पाळावा; त्याला खर्च काहीच नाही.

सहावी पायरी: भांडी आणि इंधन

तीन लिटरचा कुकर, त्यात बसणारे दोन डबे, लोखंडी तवा, एक कढई, परात आणि एक ठरावीक वाटी एवढ्यावर सगळे भागते. लोखंडी तवा-कढईत केलेल्या पदार्थात थोडे लोह उतरते, हा आणखी एक लाभ. मिक्सर नसेल तर खलबत्ता घ्यावा.

कुकर नुसता भातासाठी लावू नये. तळाला पाणी घालून खालच्या डब्यात अर्धा तास भिजवलेली तूरडाळ किंवा मसूर, वरच्या डब्यात तांदूळ आणि त्यावर ताटलीत भोपळ्याच्या किंवा बटाट्याच्या फोडी ठेवल्या की एकाच वेळच्या तीन-चार शिट्ट्यांत जेवणाचा बहुतेक भाग तयार होतो. मग फक्त फोडणी उरते. हरभरे, राजमा, काळे वाटाणे रात्रभर भिजवल्याशिवाय लावू नयेत. न भिजवता लावले तर गॅस जास्त जातो आणि दाणे कच्चे राहून पोटही दुखते.

सातवी पायरी: आठवड्याची पूर्वतयारी

कामावरून किंवा अभ्यासिकेतून थकून आल्यावर शून्यातून स्वयंपाक करणे कोणालाही जड जाते आणि नेमक्या त्या क्षणी बाहेरून मागवले जाते. म्हणून रविवारी दीड-दोन तास काढून पुढील चार गोष्टी करून ठेवाव्यात.

पाव किलो शेंगदाणे मंद आचेवर भाजून, साले पाखडून, त्यांचा जाडसर कूट डब्यात भरावा. तो भाजीत, कोशिंबिरीत, खिचडीत, कशातही चालतो. जवस, तीळ किंवा कारळे यांची लसूण आणि लाल तिखट घालून कोरडी चटणी करावी. भाकरीबरोबर दोन चमचे चटणी म्हणजे तेलबियांचा दिवसाचा बराचसा वाटा झाला. दुधाला विरजण लावून दही घरीच करावे, कारण तयार दह्याच्या डब्यापेक्षा ते स्वस्त पडते आणि उरलेल्या दह्याचे ताक होते. चौथी गोष्ट म्हणजे मोड आणणे, आणि तिची कृती नीट समजून घ्यावी.

एक वाटी मटकी निवडून, दोन-तीन पाण्यांत धुऊन, तिच्या तिप्पट पाण्यात सकाळी भिजत घालावी. संध्याकाळी आठ तासांनी दाणा फुगलेला असतो आणि नखाने सहज तुटतो. न फुगलेले गणंग दाणे हाताला टणक लागतात. ते काढून टाकावेत, नाहीतर उसळ खाताना दाताखाली येतात. पाणी पूर्ण निथळू द्यावे, कारण ओल जास्त राहिली तर मटकी चिकट होऊन आंबूस वास येतो. मग ओलसर सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवावी व वर ताटली झाकावी. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत पूर्ण दिवस लागतो आणि पुरचुंडी शेगडीजवळच्या उबेला ठेवावी लागते. मोड अर्धा इंचापर्यंत आले की पुरे. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते आणि लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते. मात्र मोड कच्चे खाण्याऐवजी वाफवून घ्यावेत. ओलसर उबेत जंतूही वाढतात आणि बाहेरगावी एकट्याने आजारी पडणे परवडत नाही. उसळीसाठी शिजवताना वर राहिलेले पाणी फेकू नये. कांदा-खोबरे भाजून लावलेल्या वाटणाबरोबर दुसऱ्या दिवशी त्याची आमटी होते.

आठवी पायरी: आठवडा कसा लावावा

पदार्थांचे वेळापत्रक काटेकोर करण्यापेक्षा दिवसागणिक कडधान्य ठरवणे सोपे जाते. सोमवारी मटकीची उसळ आणि ज्वारीची भाकरी, मंगळवारी पालक घातलेली तुरीची आमटी आणि भात, बुधवारी अंड्यांची भुर्जी किंवा सोया वड्यांचा रस्सा आणि पोळी, गुरुवारी मुगाची खिचडी, ताक आणि कोशिंबीर, शुक्रवारी पिठले-भाकरी आणि मेथीचा घोळाणा, शनिवारी हरभऱ्याची किंवा चवळीची उसळ, रविवारी सवडीने थालीपीठ आणि दही. सकाळच्या नाश्त्याला कांदेपोहे करताना मूठभर शेंगदाणे आणि वाफवलेले मूग किंवा मटार घालावेत. उपमा करताना रव्याच्या निम्म्या वजनाच्या भाज्या घालाव्यात. नुसते पोहे आणि नुसता उपमा दोन तासांत भूक आणतात.

थालीपिठाची भाजणी घरी जमते. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, हरभराडाळ, उडीद यांना निरनिराळे भाजून धणे-जिरे घालून दळून आणावे. ही भाजणी महिनाभर राहते आणि घरात दुसरे काहीच नसेल त्या रात्री कांदा-कोथिंबीर घालून पोटभर जेवण होते.

उरलेल्या अन्नाबाबत दोन पथ्ये पाळावीत. शिजवलेला भात रात्रभर उघड्यावर ठेवू नये. त्यात वाढणाऱ्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. फ्रिज नसेल तर भात मोजूनच लावावा. शिळ्या पोळ्यांना मात्र हा धोका फारसा नसतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा, शेंगदाणे आणि कोबी घालून फोडणीची पोळी करावी.

नववी पायरी: पाकिटे वाचणे आणि गळती थांबवणे

पाकीटबंद मालावर घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. बहुधान्य म्हणून विकल्या जाणाऱ्या बिस्किटात पहिली दोन नावे मैदा आणि साखर असतील, तर ते मैद्याचेच बिस्किट आहे. पाकिटावर कमाल किमतीबरोबर दर ग्रॅमला किंवा किलोला पडणारी किंमतही छापलेली असते. लहान-मोठ्या पाकिटांची तुलना तीवरूनच करावी, कारण मोठे पाकीट नेहमी स्वस्त असतेच असे नाही. सुटे तेल घेऊ नये. भेसळीचा धोका असल्याने खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकण्याचा नियम आहे. हळद-तिखटही अगदी स्वस्त आणि भडक रंगाचे दिसले तर टाळावे. मीठ आयोडीनयुक्त घ्यावे आणि दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवावे. लोणचे, पापड, फरसाण यांतील मीठही त्यातच धरावे.

साखरेची गळती चहातून होते. दिवसातून तीन चहा आणि प्रत्येकात दोन चमचे असे धरले तर ३० ग्रॅम साखर होते, म्हणजे महिन्याला जवळपास एक किलो. आणि सोबतच्या बिस्किटांची आणखी वेगळी. दर आठवड्याला पाव चमचा साखर कमी करत गेले तर जिभेला फारसे जाणवत नाही.

भाव चढले की नवशिक्या सगळ्यात आधी ती वस्तू बंद करतो. त्याऐवजी तिची जागा घेणारी वस्तू आधीच ठाऊक असावी. टोमॅटो महागले की आमटीला चिंच किंवा आमसूल, कांदा महागला की फोडणीला लसूण आणि वाटणाला भाजलेले खोबरे-तीळ, तूरडाळ महागली की निम्मी तूर आणि निम्मी मसूर किंवा मूग, लिंबू महागले की कोशिंबिरीत आवळ्याचा कीस किंवा कैरी, पालेभाजी महागली की शेवग्याचा पाला; जुन्या वस्त्यांत आणि उपनगरांत शेवग्याची झाडे पुष्कळ दिसतात आणि मालकाला विचारून त्याचा कोवळा पाला घेता येतो. तो ओरबाडून, धुऊन, भिजवलेल्या मूगडाळीबरोबर लसणाच्या फोडणीत पाच-सात मिनिटे झाकून परतला की भाकरीबरोबर खाण्यासारखी भाजी तयार होते.